आखाताचा पैसा कोकणची शेती खातो का?

कातळावरचा : गणपतीत दापोलीकडे होतो. वाडीत चौदा घरं, एरवी नऊ कुलूपबंद. एका बंगल्याला गुळगुळीत लाद्या अन् मागच्या मळ्यात कमरेएवढं गवत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळच्याही पुढे. (त्यात मुंबई-पुण्याच्या आयटीवाल्यांचा भाग मोठा असणार, मान्य.) पण गिरणीच्या मनिऑर्डरीपासून दुबईच्या ड्राफ्टपर्यंत कोकण पाठवलेल्या पैशावरच जगलं. घरात पैसा आला की लावणीला कोण वाकतंय? माझं मत, हा पैसा शेती खातो.

खाडीपलीकडची : दादा, उलटं सांगताय. आमचे बाबा कुवेतला होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराक घुसला आणि बाबा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. जमीन तेव्हाही होतीच की! सातबाऱ्यावर अकरा नावं. वाट्याच्या दोन कुणग्यांतलं भात शिमग्यापर्यंत पुरलं, मग आईच्या बांगड्या गेल्या. बाबा पुन्हा गेले म्हणून माझी बहीण नर्स झाली. तुम्हाला लाद्या दिसतात, कॉलेजची फी दिसत नाही.

कातळावरचा : लाद्यांचा टोमणा मागे घेतो. पण ती नर्स आज गावात आहे का? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत जवळपास ८२ हजारांनी घटली होती. फी भरली, पोर शिकलं आणि गेलं.

खाडीपलीकडची : नाही, पनवेलला आहे. गावात दवाखाना काढा, येईल.

हापूसवाला : तुमचं चालू द्या, पण आपणही पैसे पाठवणारं गाव झालोय हे विसरू नका. माझ्या बागेवर राखणीला नेपाळी जोडपं आहे. बाहेरून आलेला पैसा भारतात जीडीपीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास, नेपाळात मात्र त्यांच्या जीडीपीच्या साधारण चौथा हिस्सा. त्यात चिमूटभर माझ्या हापूसची. परवा गडी मोबाईलवर गावचं घर दाखवत होता, नवा निळा पत्रा घातलाय. म्हटलं, शेत कोण बघतं? म्हणाला, खालचं म्हातारी करते, वरचं पडीक. माकडं काही ठेवत नाहीत.

कातळावरचा : माकडं तिकडेही?