शब्दचर्चा : 'एकतर्फी प्रेम' इथे चालेल का?

विचारणा

आमच्या चित्रपट मंडळात येत्या शनिवारी एक फ्रेंच चित्रपट दाखवणार आहोत. त्याची पानभर मराठी ओळख लिहायचं काम माझ्याकडे आलंय. चित्रपट २००२ चा, 'आ ला फोली... पा द्यू तू'. दिग्दर्शिका लेतिसिया कोलोंबानी, नायिका ओद्रे तोतू. गाव बोर्दो. चित्रकला शिकणारी आंजेलिक, आणि हृदयरोगतज्ज्ञ लोईक. तो लग्न झालेला, बायको गरोदर. पहिला अर्धा चित्रपट आपण आंजेलिकच्या नजरेने पाहतो. ती त्याला गुलाब पाठवते, वाट बघत बसते, तो येत नाही, आणि आपल्याला त्याचाच राग येत राहतो. मग चित्रपट मागे फिरतो, थेट पहिल्या गुलाबापाशी जातो आणि तेच दिवस लोईकच्या बाजूने दाखवतो. तेव्हा कळतं की तो हिला धड ओळखतसुद्धा नाही. तो गुलाब बायकोने पाठवला असं समजून तो खूश झालेला असतो! (ज्यांनी पाहिला नाही त्यांची माफी मागते, पण शब्दाचा पेच नेमका इथे असल्यामुळे हे सांगावंच लागलं.)

मी 'एकतर्फी प्रेमाची थरारक कथा' असं लिहिलं आणि तिथेच अडले. एकतर्फी प्रेम करणाऱ्याला आपल्या बाजूचं दुःख माहीत असतं. तो झुरतो, कुढतो, पण तिकडून काही नाही हे आत कुठेतरी त्याला ठाऊक असतं. आंजेलिक झुरत नाही. तिच्या लेखी प्रेम दोन्हीकडून आहे, किंबहुना त्याचंच जास्त आहे. 'प्रेमवेडी' लिहून पाहिलं तर ती एकदम लाडिक वाटायला लागली. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

ताई, आधी शीर्षकाचं सांगते. मी फ्रेंच शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

हे नाव पाकळ्या तोडायच्या खेळातून आलंय. इंग्रजीत त्या खेळात दोनच पर्याय असतात, प्रेम आहे किंवा नाही. फ्रेंच मुली मार्गरितच्या फुलाच्या पाकळ्या तोडताना पाच पायऱ्या म्हणतात: अं प, बोकू, पासियोनेमां, आ ला फोली, पा द्यू तू. म्हणजे थोडंसं, खूप, उत्कट, वेड्यासारखं, अजिबात नाही. एकेका पाकळीला प्रेम वाढत वेडापर्यंत चढतं, आणि वेडाच्या पुढचीच पाकळी 'अजिबात नाही'. चित्रपटाने फक्त या शेवटच्या दोन पाकळ्या उचलल्यात. पहिला भाग 'आ ला फोली', दुसरा 'पा द्यू तू'.

'फोली' म्हणजे वेडच. आपल्या 'वेड'सारखंच ते दोन्हीकडे चालतं, आजारालाही आणि कौतुकालाही. म्हणून शीर्षकाला 'वेड' बरोबर बसतं, पण कथेचं वर्णन करताना तेच अपुरं पडतं. तुमची अडचण तीच आहे ना?

प्रतिसाद

मी मनोरुग्णांच्या कुटुंबांबरोबर काम करते. जे आंजेलिकला आहे त्याला फ्रेंचमध्ये 'एरोतोमानी' म्हणतात, आणि पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ गाएतां गातियां द क्लेरांबो (१८७२–१९३४) यांचं नाव त्याला जोडलेलं आहे. ते पॅरिस पोलिसांच्या खास रुग्णालयाचे प्रमुख होते. रस्त्यातून, राजवाड्यापुढून, कचेरीतून पोलिसांनी उचलून आणलेली माणसं त्यांच्यापुढे यायची. १९२१ साली त्यांनी एका रुग्णाचं जे वर्णन केलं ते आजही सांगितलं जातं. ५३ वर्षांची, बायकांच्या टोप्या बनवणारी फ्रेंच बाई. तिची खात्री होती की इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज आपल्यावर प्रेम करतात. ती लंडनला जाऊन बकिंगहॅम राजवाड्यासमोर उभी राहायची. खिडकीतला पडदा हलला की तो तिला राजाचा निरोप वाटायचा.

त्या पडद्याकडे जरा बघा. पडदा खरंच हललेला असतो. दिसण्यात चूक काहीच नाही, चूक आहे ती त्यातून काढलेल्या अर्थात. म्हणून हा भास नाही. जे नाही ते दिसणं-ऐकू येणं म्हणजे भास, आणि पुराव्याने न हलणारी खोटी खात्री म्हणजे भ्रम. आम्ही रोजच्या कामात असाच फरक करतो. मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेत भ्रमाला 'संभ्रम'ही म्हणतात, पण ओळखीत तो शब्द कृपा करून वापरू नका. वर्तमानपत्रात रोज 'प्रवेशाबाबत पालकांत संभ्रम' छापून येतं, तिथे अर्थ गोंधळ असा असतो. आंजेलिकच्या मनात गोंधळ कणभरही नाही! तिच्याइतकी ठाम बाई अख्ख्या चित्रपटात दुसरी नाही. 'विभ्रम'ही नको, त्याचा जुना अर्थ रमणीचे शृंगारिक हावभाव. आणि एरोतोमानीची शब्दशः फोड करून 'कामोन्माद' तर मुळीच नको. या आजारात वासना मुख्य नसते, 'तो माझ्यावर प्रेम करतो, सुरुवात त्यानेच केली' ही खात्री मुख्य असते.

चित्रपटातही तो पडदा आहे. बायकोला दिवस गेल्याच्या आनंदात लोईक हातातल्या गुच्छातलं एक फूल समोर आलेल्या आंजेलिकला देऊन जातो. तो ते विसरतो. ती त्यावर घर बांधते.

क्लेरांबोंनी याच्या तीन अवस्था सांगितल्यात, त्यांनाही चांगले मराठी शब्द आहेत: आशा, चरफड, डूख. मला शेवटचा फार नेमका वाटतो. 'द्वेष' म्हटलं की नुसती भावना होते. 'डूख धरणं' म्हणजे मनात गाठ मारून दिवस मोजणं.

प्रतिसाद

आमच्याकडे सातारा भागात याला 'लागीर' म्हणतात. म्हातारी माणसं भूतबाधेला म्हणायची, आता पोरं प्रेमालाही म्हणतात. 'याड लागलं'पेक्षा लागीर वेगळं, कारण लागिरात बाहेरून काहीतरी येऊन धरतं. झपाटणं, पछाडणं हे शब्दही भुताखेतांचेच. 'प्रेमाने पछाडलेली' कसं वाटतं?

प्रतिसाद

(पुन्हा मीच, मनोरुग्णांबरोबर काम करणारी.) शब्द जोरकस आहे, पण मला नको वाटतो. भूत धरलंय म्हटलं की कुटुंब मांत्रिकाकडे जातं. डॉक्टरकडे आणेपर्यंत एकेक वर्ष गेलेलं मी पाहिलंय. बोलण्यात लागीर राहू दे, छापील ओळखीत नको.

प्रतिसाद

मी ३४ वर्षं दिवाणी कोर्टात कारकून होतो. 'एकतर्फी' हा शब्द तुम्ही सगळे टाकून द्यायला निघालात म्हणून लिहितो.

'तर्फ' म्हणजे बाजू. आमच्या कोर्टात एकतर्फी प्रकरण म्हणजे प्रतिवादी हजर नसताना चाललेलं प्रकरण. वादी उभा राहतो, आपलं सांगतो, कागद दाखवतो, उलटतपासणी घ्यायला समोर कुणी नसतं आणि हुकूमनामा होतो. अशा प्रकरणात वादीचं म्हणणं ऐकताना ते नेहमी पटतं, कारण खोडून काढणारा कुणी नसतो. ताई, तुमचा पहिला अर्धा चित्रपट तोच आहे. तुम्हीच लिहिलंत ना, की आपल्याला लोईकचा राग येतो? एकतर्फी सुनावणीत बसलेल्या माणसाला राग येणारच.

आता पुढचं. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ९ नियम १३ आहे. आपल्याला समन्स रीतसर बजावलंच गेलं नव्हतं, असं प्रतिवादीने दाखवलं तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून चालतं. लोईकला समन्स कुठे मिळालंय? गुलाब आला तो बायकोचा समजला. आपल्यावर दावा चालू आहे हेच त्याला माहीत नाही. आणि चित्रपट मध्यावर मागे जाऊन पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरू होतो.

म्हणून 'एकतर्फी' ठेवा. फक्त त्याच्यापुढचं 'प्रेम' काढा.

आणि 'प्रेम' काढा म्हणण्याला माझं दुसरंही कारण आहे. मुलीवर हल्ला झाला की बातमीत ठरलेले शब्द येतात: 'एकतर्फी प्रेमातून'. पाठलाग हा २०१३ पासून कायद्याने वेगळा गुन्हा आहे, पूर्वी कलम ३५४ ड, आता न्याय संहितेत कलम ७८. कायद्याने त्याला 'पाठलाग' म्हटलं आणि बातमी अजून 'प्रेम'च म्हणते. वाचणाऱ्या आईबापांना त्या शब्दाने काय होत असेल, याचा विचार करा.

प्रतिसाद

काका, नमस्कार घ्या. एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं.

एक भर घालते, तीही फ्रान्सचीच. व्हिक्टर ह्यूगोची मुलगी आदेल १८६३ साली पिन्सन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यामागे समुद्र ओलांडून कॅनडात हॅलिफॅक्सला गेली आणि आमचं लग्न झालं असं तिने घरी कळवलं. लग्न झालेलंच नव्हतं. त्याच्यामागे ती पुढे बार्बाडोसलाही गेली. पण तिथे आधी खरंच काहीतरी होतं, त्यानेच तिला मागणी घातली होती. तेव्हा तिच्याबाबत 'एकतर्फी प्रेम' निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी चालतं. आंजेलिकच्या वाट्याला आलं ते एक फूल. दोघींना एकच शब्द लावला तर हा फरक पुसला जातो.

विचारणा करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ओळख पुन्हा लिहायला बसले. 'थरारक' काढलं, 'प्रेमवेडी' काढलं. आता सुरुवात अशी आहे:

'लोईकचं आपल्यावर प्रेम आहे, अशी आंजेलिकची खात्री आहे. पहिला पाऊण तास आपण तिची बाजू एकतर्फी ऐकतो आणि आपलीही तीच खात्री होते.'

यात 'भ्रम' हा शब्द मुद्दाम आणला नाही. तो पहिल्याच ओळीत आला तर प्रेक्षक सावध होऊन बसतील, आणि मग त्यांना लोईकचा राग यायचा नाही. तो राग यायला हवा. 'भ्रम' पानाच्या मागच्या बाजूला घातलाय, चित्रपट संपल्यावर वाचा असं लिहून. तिथेच आशा, चरफड, डूख हे तिन्ही शब्द घेतलेत.

एकच शंका उरली. पाकळ्यांच्या खेळातल्या 'पासियोनेमां'ला 'उत्कट' फार पुस्तकी वाटतं. फूल हातात घेऊन एखादी मुलगी 'थोडंसं, खूप' म्हणत आली, तर तिसऱ्या पाकळीला ती मराठीत काय म्हणेल? 'जिवापाड' चालेल का?