शब्दचर्चा : ‘लाइट गन’ला मराठीत काय म्हणावे?

आर्वीहून, मूळ शंका

आमच्या तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी जुन्या टीव्ही गेमची प्लास्टिकची बंदूक मांडायचे ठरवले आहे. दुरुस्तीच्या दुकानात पडून असलेला काचेच्या नळीचा टीव्ही मिळाला, बंदूक चालते आणि पडद्यावरचे बदकही पडते. अडचण फलकावरच्या शब्दाची आहे. इंग्रजी नावाचे सरळ भाषांतर करून मुलांनी ‘प्रकाशबंदूक’ असे लिहिले. पण तो फलक वाचणारा प्रत्येक जण बंदुकीच्या तोंडापुढे तळहात धरून उजेड पडतो का ते पाहतो, आणि पडत नाही म्हटल्यावर बंदूक बिघडली असे समजतो.

म्हणून जाणकारांना विचारतो, की ‘प्रकाशबंदूक’ हा शब्द चुकीचा आहे की केवळ अपुरा? आणि बंदूक हातात धरून पडद्यावर नेम धरायच्या या सगळ्या खेळांना मिळून मराठीत काय म्हणावे? ‘शूटिंग गेम’ लिहिले तर आपल्याकडे त्यातून आधी चित्रपटाचे चित्रीकरण डोळ्यांपुढे येते.

पुसदहून

सर, शब्द चुकीचा नाही, तो एका जुन्या यंत्राचा आहे आणि दुसऱ्याच यंत्राला चिकटला आहे. हे नीट समजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

जत्रेत छर्र्याच्या बंदुकीने फुगे फोडण्याचा जो खेळ आपण बहिरमला किंवा कोणत्याही यात्रेत पाहतो, तसेच नेमबाजीचे गाळे अमेरिकेतही होते. तिथे 1936 मध्ये सीबर्ग या कंपनीने ‘रे-ओ-लाइट’ नावाचे यंत्र आणले. त्यातील बंदुकीतून खरोखरच प्रकाशाचा झोत निघत असे, आणि पुढे सरकणाऱ्या खोट्या बदकाच्या अंगात प्रकाश पडताच विद्युतप्रवाहात बदल घडवणारी नळी बसवलेली असे. झोत नळीवर पडला की बदक कोसळले. त्या यंत्राला ‘प्रकाशबंदूक’ म्हटले तर त्यात एक अक्षरही वावगे नाही, कारण गोळीच्या जागी प्रकाश आला होता, एवढाच काय तो फरक. जपानमध्ये निन्टेन्डोने 1970 मध्ये काढलेल्या खेळण्यातील बंदुकाही याच वळणाच्या होत्या. गुनपेई योकोई यांनी त्या घडवल्या, आणि लक्ष्याच्या जागी प्रकाश ओळखणारे सौर घट लावले. त्या घटांच्या निमित्ताने शार्प कंपनीतील मासायुकी उएमुरा निन्टेन्डोच्या संपर्कात आले आणि पुढे तिथेच रुजू झाले. ज्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला आपल्या बाजारात ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या गेल्या, त्याची रचना याच उएमुरांनी केली.

दरम्यान दुसरीकडे एक उलटी बंदूक जन्माला आली होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक उभा राहत होता. त्याच्या पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांपैकी आपल्याला नेमका कोणता ठिपका हवा आहे, हे संगणकाला दाखवता यावे म्हणून 1950 च्या सुमारास तिथे बंदुकीच्या आकाराचे एक साधन केले गेले. ते ठिपक्यासमोर धरून खटका दाबला की तो ठिपका उजळताक्षणीच त्याचा प्रकाश साधनाच्या आत शिरे आणि कोणता ठिपका निवडला ते संगणकाला कळे. पुढे अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ या यंत्रणेत रडारच्या पडद्यासमोर बसणारे सैनिक अशाच बंदुका वापरत. या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नव्हते. प्रकाश पडद्याकडून बंदुकीकडे येत होता.

घरच्या टीव्हीवर आली ती ही दुसरी जात. 1972 च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती व्हिडिओ गेम यंत्रासोबत लांब नळीची एक रायफल वेगळी विकत मिळे. तिला पडद्यावरचा ठिपका आणि खोलीतला दिवा यांतला भेद कळत नसे. दिव्याकडे रोखून चाप ओढला तरी नेम लागला असेच ती समजे. म्हणजे यंत्राचा ओघ उलटला, पण ‘लाइट गन’ हे इंग्रजी नाव दोन्ही जातींना तसेच राहिले. आपण त्या नावाचे भाषांतर केले, वस्तूचे केले नाही. फलकासमोर तळहात धरणाऱ्यांचा यात काही दोष नाही, ते शब्दाचा अर्थ बरोबरच लावत आहेत.

साकोलीहून

या भागात या खेळाला ‘बदकाची गेम’ म्हणत असत. ‘गेम’ येथे स्त्रीलिंगीच. ज्या सपाट पेटीत तो खेळ असे तिला ‘कॅसेट’ आणि हातात धरायच्या बटणांच्या साधनाला ‘रिमोट’ म्हणत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, तेव्हा पाहुण्यांची मुले घरी जमली की कॅसेट, रिमोट आणि बंदूक यांवरून भांडणे ठरलेली. बंदूक एकाच्या हातात आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात असला, तर एका बदकाच्या खेळात रिमोटने बदकाला हुलकावण्या देता येत असत, ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यांच्याविरुद्ध नेम लागणे अवघड जाई.

‘शिकार’ या शब्दाची गंमत नोंदवावीशी वाटते. नवेगावबांधच्या आणि आमच्याकडच्या मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात रानबदके उतरतात. त्यांची शिकार हा जुन्या पिढीच्या बोलण्यातला नेहमीचा विषय होता, परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो चारचौघांत बोलण्याचा विषय राहिला नाही. पुढच्या पिढीत ‘आज किती शिकार केली?’ हा प्रश्न निर्धास्तपणे विचारला गेला तो टीव्हीसमोरच. शब्द जिवंत राहिला, त्याचा पक्षी बदलला.

पुसदच्या भाऊंनी ‘चाप ओढला’ आणि ‘खटका दाबला’ असे दोन्ही प्रयोग केले आहेत. माझे मत ‘खटका’ या शब्दाच्या बाजूने आहे. खऱ्या बंदुकीत चाप ओढल्यावर घोडा आपटतो आणि बार उडतो. या बंदुकीत घोडाही नाही आणि बारही नाही. आत आहे तो दिव्याच्या बटणासारखाच विजेचा खटका, आणि दाबल्यावर आवाजही ‘खटक’ असाच येतो. पुष्कळ मुले ‘घोडा दाब’ म्हणत, पण घोडा म्हणजे आपटणारा भाग, बोटाखालचा नव्हे. फलकावर तरी तो शब्द टाळावा.

आर्वीहून

पुसदचे भाऊ आणि साकोलीच्या ताई, दोघांचेही आभार. मुलांनी यावर रास्त शंका काढली आहे. बंदूक केवळ प्रकाश पाहत असेल, तर पडद्यावर निळे आकाश, हिरवे गवत आणि झाड असे सगळेच उजळलेले असताना तिला नेमके बदक कसे कळते? आणि हीच बंदूक शाळेतल्या नव्या, भिंतीवरच्या टीव्हीला लावली तर एकही बदक का पडत नाही?

पुसदहून

बंदुकीला बदक कळत नाही. तिला फक्त अंधार आणि उजेड कळतो, आणि उरलेले काम यंत्र करते. खटका दाबताक्षणी यंत्र संपूर्ण पडदा एका चित्रापुरता काळा करते. त्यानंतरच्या चित्रात जिथे बदक असते तेवढ्याच जागी पांढरा चौकोन दाखवते आणि बाकीचा पडदा काळाच ठेवते. बंदुकीने आधी अंधार आणि लगेच उजेड पाहिला तर नेम लागला असे धरले जाते. बदके दोन असतील तर आधी एकाचा चौकोन आणि पुढच्या चित्रात दुसऱ्याचा, त्यामुळे उजेड कोणत्या पाळीला दिसला यावरून कोणते बदक पडले ते ठरते. आपल्या टीव्हीवर पडदा सेकंदाला 50 वेळा आखला जात असे, म्हणून डोळ्याला हे सारे एका लुकलुकीपलीकडे काही वाटत नाही. आधीचा काळा पडदाही उगीच नाही. दिव्यावर बंदूक रोखली तर त्या काळ्या क्षणीही उजेड दिसतो आणि लबाडी उघड होते. ओडिसीच्या रायफलीतली उणीव निन्टेन्डोने 1984 च्या ‘डक हंट’मध्ये अशी भरून काढली.

पुढे बंदुका अधिक तल्लख झाल्या. सेगाचा 1994 चा ‘व्हर्च्युआ कॉप’ किंवा नामकोचा ‘टाइम क्रायसिस’ यांत चौकोन दाखवण्याची गरज उरली नाही. नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा किरण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, एकेक ओळ आखत जातो. आपल्या पद्धतीत सेकंदाला 15,625 ओळी. तो किरण बंदुकीसमोरून कोणत्या क्षणी गेला हे मोजले, की ती पडद्यावर नेमकी कुठे रोखली आहे याचा हिशेब लागतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, कारण यात जागा ओळखायला वेळ वापरली आहे. ‘टाइम क्रायसिस’ने त्यात पायाखाली एक पेडल दिले. ते सोडले की खेळणारा आडोशाला जाई आणि दाबले की बाहेर येई. या खेळांच्या यंत्रांचा मुक्काम मोठ्या शहरांतच राहिला, आपल्या तालुक्यांपर्यंत आला तो बदकाचा आणि पत्र्याच्या डब्यांवर नेम धरण्याचा खेळ.

आता नव्या टीव्हीविषयी. त्यात किरण ओळ आखत जात नाही, आणि आलेले चित्र पडद्यावर दिसण्यापूर्वी त्यावर आतमध्ये प्रक्रिया होते, तिला थोडा वेळ लागतो. बंदूक जेव्हा पांढरा चौकोन शोधते, तेव्हा तो अजून पडद्यावर यायचाच असतो. घराघरांतून नळीचे टीव्ही गेले, आणि हे खेळही गेले.

नंतर जे आले त्यात नावाची गफलत पुन्हा झाली, म्हणून सांगतो. निन्टेन्डोच्या 2006 च्या ‘वी’ यंत्रासोबत टीव्हीजवळ ठेवायची एक पट्टी येत असे, तिला ‘सेन्सर बार’ म्हणत. त्या पट्टीत काहीही जाणणारे नव्हते, तिच्यात फक्त डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारे दिवे होते. तो प्रकाश पाहणारा कॅमेरा हातातल्या रिमोटमध्ये होता. म्हणजे देणाऱ्याला घेणारा म्हटले गेले.

मेहकरहून

चर्चा वाचली. माझा आक्षेप ‘प्रकाशबंदूक’ या समासाच्या ढिलेपणावर आहे. तोफ आणि बंदूक यांच्या नावांत मराठीने मागे लावलेला शब्द बहुधा उडवायच्या साधनाचा किंवा वस्तूचा असतो. तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक, छर्र्याची बंदूक. त्याच ओघात ‘प्रकाशाची बंदूक’ म्हटले की छर्र्याच्या जागी प्रकाश उडतो असेच मराठी कानाला ऐकू येणार.

मात्र आपल्याकडे एक तयार नमुना आहे, तो म्हणजे ‘शब्दवेधी’. दशरथाने श्रावणबाळावर सोडलेला बाण शब्दवेधी होता. म्हणजे शब्द सोडणारा नव्हे, पाण्यात बुडणाऱ्या घागरीचा आवाज ऐकून लक्ष्य गाठणारा. त्याच रीतीने प्रकाश पाहून लक्ष्य ठरवणारी ती ‘प्रकाशवेधी बंदूक’. शिवाय ‘वेध’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे उपयोगी पडतात. लक्ष्याचा वेध होतो आणि वेधशाळेतून ग्रहताऱ्यांचाही वेध घेतला जातो, म्हणजे मारणे आणि पाहणे ही दोन्ही कामे त्या एका शब्दात आली. सबंध जातीला ‘पडद्यावरची नेमबाजी’ म्हणावे, त्यात शूटिंगचा घोटाळा राहत नाही.

साकोलीहून

‘प्रकाशवेधी’ शास्त्राला धरून आहे, परंतु आठवीतले मूल त्याचा अर्थ ‘प्रकाशाला भेदणारी’ असा घेईल अशी मला भीती वाटते. माझी सूचना ‘टिपणे’ या क्रियापदाची आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी पाखरू टिपतो, कॅमेरा प्रसंग टिपतो आणि टीपकागद शाई टिपतो. यांतल्या पहिल्या तिन्हींत नेमकेपणा आहे, आणि शेवटल्या उदाहरणात तर या बंदुकीची सगळी करणीच आली आहे, कारण ती शाई टिपणाऱ्या कागदाप्रमाणे समोरचा उजेड आत घेते आणि त्याच कृतीत बदकही टिपते. ‘उजेड टिपणारी बंदूक’ असे लिहिले तर कोणी तिच्यापुढे तळहात धरणार नाही.

मेहकरहून

ताईंचे क्रियापद माझ्या समासापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हरकत नाही. तरी नाम आणि वर्णन यांची गल्लत करू नये. ‘उजेड टिपणारी बंदूक’ हे वर्णन आहे, ते वाक्यात वारंवार वापरता येत नाही. शीर्षकाला ‘प्रकाशवेधी बंदूक’ ठेवावे आणि त्याखालच्या पहिल्याच वाक्यात ‘टिपणे’ आणावे. जिथे झोत बाहेर पडतो त्या 1936 च्या जातीसाठी मात्र ‘प्रकाशबंदूक’ हा शब्द राखून ठेवावा, तिथे तो योग्यच आहे.

पुसदहून

एक भर. 1987 चा तायतो कंपनीचा ‘ऑपरेशन वुल्फ’ पुष्कळ जण याच यादीत घालतात, पण त्याची बंदूक यंत्रालाच पक्की बसवलेली होती आणि तिच्या कलण्यावरून नेम मोजला जात असे. प्रकाशाशी तिचा संबंध नव्हता. तिला ‘पडद्यावरची नेमबाजी’ म्हणता येईल, ‘प्रकाशवेधी’ म्हणता येणार नाही. मेहकरच्या सरांनी जातीला आणि साधनाला वेगवेगळी नावे दिली, त्याचा उपयोग नेमका येथे होतो.

फलकावर रंगाविषयीही एक ओळ घालावी. निन्टेन्डोची अमेरिकेत 1985 साली आलेली बंदूक करड्या रंगाची होती. खेळण्यातली बंदूक खऱ्या बंदुकीहून वेगळी ओळखू यावी अशा नियमांमुळे पुढे तिचा रंग भगभगीत नारिंगी केला गेला. तेथील सिनेटमध्ये 1993 साली व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली, त्यावेळी कोनामीची निळी बंदूकही सभागृहात उचलून दाखवण्यात आली होती, आणि 1994 मध्ये खेळांना वयोगट लावणारी व्यवस्था सुरू झाली. मुलांची बंदूक काळी असेल तर तिच्या तोंडाला नारिंगी कागदाची पट्टी चिकटवावी, म्हणजे हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आर्वीहून

सर्वांच्या सूचनांवरून फलकाचा मजकूर असा केला आहे : ‘प्रकाशवेधी बंदूक. हिच्यातून प्रकाश निघत नाही. खटका दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, नंतर बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि त्याचा उजेड ही बंदूक टिपते.’ वर्गातल्या एका मुलीने शेवटी ‘टिपला तर बदक पडते’ हे चार शब्द जोडले, ते तसेच ठेवले आहेत. बंदूक काळीच आहे, नारिंगी पट्टी उद्या लावू.