सुपरवायझर झाले खरी, पण टीम आपणहून पुढे येत नाही. काय करू?

पेडण्याची_बाय

नमस्कार मंडळी. मी कांदोळी-कळंगुट पट्ट्यातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे, आणि या पावसात मला फ्लोअर सुपरवायझर केलं. ऑक्टोबरात सीझन लागायच्या आत टीम बसवायची आहे. हाताखाली दोन पेडण्याच्या बायका, एक सावंतवाडीची मुलगी, चार-पाच ओडिशाचे पोरगे आणि एक मावशी जी हॉटेल उघडलं तेव्हापासून तिथेच आहे.

कामात कोणी चुकार नाही. पण सांगितलं तेवढंच करतात. रूममधला बल्ब गेलाय, फ्लश गळतोय, दिसतं सगळ्यांना पण बोलणार कोणी नाही, मग गेस्ट रिसेप्शनला ओरडतो तेव्हा मला कळतं. याला कारण आहे म्हणा. आधीचा सुपरवायझर रूम चेक करताना बाथरूमच्या कोपऱ्यात एक केस सापडला तरी त्याचा फोटो काढून, लाल गोल मारून, खाली नाव लिहून व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचा. ती सवय अंगात मुरलीय, मी ब्रीफिंगला काही विचारलं तर सगळे ट्रॉलीकडे बघत उभे.

मॅनेजरचं म्हणणं मी फार मऊ आहे, डोक्यावर बसतील. एचआरने एक दिवसाचं लीडरशिप ट्रेनिंग दिलं त्यात सिंहाचे फोटो जास्त आणि कामाचं कमी.

अजून दोन गोष्टी. एक पोरगा आहे, त्याच्या चादरीचे कोपरे बघाल तर सुरीने कापल्यासारखे, नजर सगळ्यांत तयार, पण चारचौघांत बोलायला सांगितलं की लालबुंद. आणि मावशी. पद तिला मिळायला हवं होतं असं अर्ध्या फ्लोअरला वाटतं, खरं सांगायचं तर मलाही.

जे माणसं सांभाळतात त्यांनी सांगा, पुस्तकातलं नको.

माजी_फोरमन

बाय, वेर्ण्याला फॅक्टरीत पॅकिंग लाइन सांभाळून रिटायर झालोय म्हणून लिहितो. पहिलं काम, त्या ग्रुपवर फोटो टाकणं बंद, आणि बंद केलंय हे ब्रीफिंगला तोंडाने सांग. नुसतं थांबवलंस तर त्यांना वाटेल अजून सुरू झालं नाही एवढंच.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर एक दोरी असते, अँडॉन म्हणतात. काही बिघडलेलं दिसलं की कुठलाही कामगार ती ओढू शकतो. ओढल्यावर टीम लीडर धावत येतो आणि काय झालं विचारतो, गाडी त्या टप्प्याच्या शेवटाला पोचेपर्यंत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. लोकांना दोरीचं कौतुक, मला त्या धावत येणाऱ्या माणसाचं. तो आला नाही किंवा येऊन खेकसला तर दुसऱ्या दिवसापासून दोरी नुसती लोंबकळणार. तुझ्याकडे आज तेच झालंय.

म्हणून एक वही ठेव, बल्ब, फ्लश, फाटका पडदा जे दिसेल ते रूम नंबरसकट लिहायचं. मेंटेनन्सच्या मागे तू लागायचं, आणि काम झालं की ज्याने लिहिलं त्याला जाऊन सांगायचं की झालं बरं का. माणसं फक्त ओरडा बसेल म्हणून गप्प बसत नाहीत, सांगून काही होत नाही म्हणूनही बसतात आणि माझ्या अनुभवात हे दुसरं जास्त.

आणि मॅनेजरला आधीच सांगून ठेव की सुरुवातीला वहीत तक्रारी वाढलेल्या दिसतील. अ‍ॅमी एडमंडसन नावाच्या बाईंनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, त्यांना वाटलेलं चांगल्या टीमच्या चुका कमी भरतील, आकडे निघाले उलटे. पुढे लक्षात आलं की जिथली मुख्य नर्स ऐकून घेणारी तिथे चुका लपवत नव्हते म्हणून त्या दिसत होत्या. तुझ्या मॅनेजरने वही बघून काम बिघडलं असा अर्थ लावला तर सगळंच मुसळ केरात.

रोखठोक_म्हापसा

फोरमनकाका बरोबर, पण सगळे टीमच्या मनाबद्दल बोलतात आणि लिननबद्दल, म्हणजे चादरी-टॉवेलबद्दल, कोणी बोलत नाही. मी पण हाउसकीपिंग केलंय. सकाळी लाँड्रीतून टॉवेल कमी येतात, मग जो तो आपल्या ट्रॉलीत चार जास्तीचे लपवतो, मग दुसऱ्याला मिळत नाहीत, मग भांडणं, आणि वरून साहेब म्हणतात टीम स्पिरिट नाही. टॉवेल पुरे पडले तर स्पिरिट आपोआप येतं. तू सकाळी लाँड्रीत उभी राहा आणि तुझ्या फ्लोअरचा माल मोजून घे, लीडरशिपचा अर्धा भाग तिथेच उरकतो.

दुसरं, रूमची वाटणी. सगळ्यांना चौदा-चौदा दिल्या की समान वाटतं पण चेकआउटच्या रूमला राहत्या रूमच्या दुप्पट वेळ जातो, त्यात पोरं घेऊन बीचवरून आलेली फॅमिली असेल तर वाळूच वाळू, बाथटबात सुद्धा. वाटणी चेकआउट मोजून कर आणि कागद भिंतीवर लाव, कोणाला काय आलं ते सगळ्यांना दिसू दे. आधीच्या माणसाचे लाडके कोण होते ते पहिल्याच दिवशी कळेल.

आणि ओव्हरटाइम कागदावर चढव. फुकट थांबवून घ्यायचं आणि मग म्हणायचं आपण एक फॅमिली, हे नको.

तालीमवाला

मी हॉटेलवाला नाही. फोंड्याकडे आमच्या गावात जत्रेला नाटक बसवतो, कला अकादमीच्या स्पर्धेतही उतरतो अधूनमधून. पण त्या लाजऱ्या पोराबद्दल वाचून राहवलं नाही.

अशा पोराला ब्रीफिंगला बोलायला लावू नकोस. आमच्याकडे एक होता, वाचनाला यायचा, मागे बसायचा, संवाद दिला की आवाज घशातच. त्याला लाइटवर बसवला. लाइटवाल्याला सगळं नाटक पाठ लागतं, कोण कुठे उभा राहणार ते माहीत लागतं, त्यामुळे तालमीत तोच पहिल्यांदा म्हणाला की दुसऱ्या अंकात काका चुकीच्या बाजूने येतात. सगळे थांबले आणि बघितलं, खरंच चुकत होतं. पुढच्या वर्षी त्याने स्वतःहून हवालदाराचं काम मागितलं, दोनच वाक्यं होती पण मागितलं त्याने. तुझ्या पोराला नवीन आलेल्यांना बेड लावायला शिकवायचं काम दे, एका वेळी एकच माणूस, रूमचं दार बंद. हात चालू असले की तोंड उघडतं.

नोट्स द्यायची पण एक रीत असते. कोणाचं काय चुकलं ते मी तालीम संपल्यावर बाजूला घेऊन सांगतो, आणि चांगलं झालेलं सगळ्यांसमोर, पण नेमकं. ‘छान केलंस’ याला काही अर्थ नाही. ‘पत्र वाचताना थांबलास ते बरं केलंस’ असं सांगितलं की तो उद्या पण थांबतो.

मावशीचं अवघड आहे. मान द्यायचा म्हणून ब्रीफिंगला तिला मुद्दाम पुढे करू नकोस, असल्या गोष्टी बायकांना लगेच कळतात. वाटणी भिंतीवर लावायच्या आधी तिला दाखव आणि तिने काही बदल सांगितला तर खरोखर बदल. नाहीतर विचारूच नकोस.

वास्कोकार

मॅनेजर तुला मऊ म्हणतो त्याबद्दल. डॉ. कलामांचा किस्सा व्हॉट्सॅपवर इतका फिरतो की गुळगुळीत झालाय, तरी इथे लागू आहे. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं, प्रकल्प कलामांकडे होता, पण पत्रकारांसमोर इस्रोचे प्रमुख सतीश धवन गेले आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा मात्र कलामांना म्हणाले, आता तुम्ही बोला. लोक याला मोठेपणा म्हणतात, तो होताच, पण मला त्यात हिशेब पण दिसतो. त्याच लोकांकडून पुढच्या वर्षी रॉकेट उडवून घ्यायचं होतं, ती माणसं पेपरात नाव छापून येईल का या काळजीत बसली असती तर व्हॉल्व कोण बघणार?

तुझ्याकडे तपासणीत रूम फेल झाली तर मॅनेजरला सांग ‘माझ्या फ्लोअरवर राहिलं, मी बघते’. नाव विचारलं तरी देऊ नकोस. त्या एका वाक्याची बातमी संध्याकाळपर्यंत स्टाफ कँटीनला पोचते.

फ्रंटऑफिसवाली

यात एक भर. रिट्झ-कार्लटनची गोष्ट हॉटेल लाइनमध्ये सगळ्यांना पाठ असते, तिथे कुठलाही कर्मचारी गेस्टची अडचण सोडवायला वरच्याला न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. आपल्याकडे दोन हजार डॉलर सोडा, एक्स्ट्रा पाण्याची बाटली द्यायला सुद्धा सुपरवायझरची सही लागते 😄 तर मॅनेजरकडून एवढं तरी मागून घे, बाटली, टॉवेल, चहाची पाकिटं आणि लहान मूल आजारी असेल तर किचनमधून पेज, हे फ्लोअरवरच्या माणसाने स्वतः ठरवून द्यायचं. सही नंतर. आपणहून काही करावं असं वाटत असेल तर करायला काहीतरी हातात पाहिजे ना.

पेडण्याची_बाय

देव बरें करूं सगळ्यांना! लाँड्रीत उद्यापासूनच उभी राहते. वहीचं मॅनेजरशी बोलले, ‘बघूया’ म्हणाला, म्हणजे नाही म्हणाला नाही.

आता खरं संकट, चतुर्थी. आमच्या गोंयच्या बायका त्या दिवसांत थांबणार नाहीत, थांबवणार पण नाही, मी स्वतः घरी माटोळी बांधणार, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती. सावंतवाडीची पण गेली. दरवर्षी ओडिशाच्या पोरांवर चालतं म्हणून यंदा पण त्यांचीच नावं घालणार होते, त्यांना कुठे चतुर्थी. बरोबर ना?

माजी_फोरमन

थांब, आधी विचार ते ओडिशात कुठले. संबलपूर, बलांगीर अशा पश्चिमेकडचे असतील तर त्यांचा नुआखाई हा सगळ्यात मोठा सण ऋषीपंचमीला येतो, म्हणजे आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. नवं भात पहिल्यांदा देवाला दाखवतात, आपल्या नव्यासारखंच. आमच्या लाइनवरचे पोरगे कधी बोलले नाहीत, एकाने गावाकडचे फोटो दाखवले तेव्हा कळलं.

सगळ्यांना सोडता येणार नाही हे त्यांनाही माहीत असतं. पण रोस्टर लावायच्या आधी त्यांना बसव, यंदा दोघं गावी जाऊ देत आणि पुढच्या वर्षी कोण ते आत्ताच लिहून ठेवा. ट्रेनला दोन दिवस लागतात, तिकीट महिना-दीड महिना आधी काढावं लागतं, म्हणजे हे या आठवड्यातच बोल. आणि पंचमीला जे ड्युटीवर असतील त्यांना त्या दिवशी स्टाफ किचनमध्ये स्वतःचं जेवण करू दे, शेफला तू विचार, त्यांना विचारायला लावू नकोस.