रुग्णवाहिका सेवेत साहेब किती हवेत?

रात्रपाळी
सार्वजनिक रुग्णवाहिका सेवेत अकरा वर्षं पॅरामेडिक, म्हणजे गाडीवर तातडीचे उपचार करणारी, आहे. मी लागले तेव्हा वर एक मुख्याधिकारी आणि चार संचालक होते. आज संचालकांखाली उपसंचालक, त्यांच्याखाली विभागप्रमुख, शिवाय 'परिवर्तन', 'भागीदारी' अशा नावांच्या नव्या जागा. कॉल वाढतच गेले, रस्त्यावरच्या गाड्या मात्र जवळपास तेवढ्याच आहेत.

गेल्या महिन्यात छातीत दुखणाऱ्या एका माणसाकडे पोहोचायला आम्हाला ५२ मिनिटं लागली. त्याची बायको दारात उभी होती. काही बोलली नाही, नुसती बाजूला झाली. हृदय बंद पडलं आणि कोणी छाती दाबत नसेल, तर शॉक मिळेपर्यंत दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. ते डोक्यात ठेवून गाडीत बसणं काय असतं, ते बसणाऱ्यालाच माहीत.

माझं मत सरळ आहे. वरिष्ठ पदं निम्मी करा आणि तो पैसा रस्त्यावर आणा.

हिशेबनीस
तुमची तळमळ पोचली. तरी गणित मांडतो, कारण 'एक साहेब कमी म्हणजे एक गाडी जास्त' हे बरेच जण धरून चालतात.

एक गाडी चोवीस तास चालवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. माणूस ४० तासांचा, म्हणजे एका जागेला ४.२ माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पाच-सव्वापाच. गाडीत दोघं लागतात, म्हणजे दहा-अकरा माणसं. समजा संचालकाचा पगार पॅरामेडिकच्या चौपट आहे. मग दहा पदं काढलीत तरी जेमतेम चार गाड्यांची माणसं उभी राहतात. गाडी, इंधन, ऑक्सिजन, हृदयाला शॉक देणारं यंत्र (डीफिब्रिलेटर) वेगळे.

रात्रपाळी
चार गाड्या तुम्हाला जेमतेम वाटतात? रात्री दोन वाजता पाच कॉल थांबलेले असतात, तेव्हा एका गाडीनं काय होतं ते मी पाहिलंय.

कंट्रोलरूम
मी कॉल घेणारी म्हणून सुरुवात केली, आता शिफ्ट सुपरवायझर आहे. म्हणजे काहींच्या हिशेबात मीही 'व्यवस्थापन'.

व्यवस्थापनाला एकदम कात्री लावली की काय होतं, याचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेनं १९९१ मध्ये वरिष्ठ आणि मधल्या फळीतली सुमारे पाचवा हिस्सा पदं कमी केली. त्याच सुमारास, गाड्या पाठवण्याचं काम कागदावरून संगणकावर न्यायचं ठरलं. २६ ऑक्टोबर १९९२ ला नवी प्रणाली सुरू झाली आणि काही तासांतच गोंधळ उडाला. कोणती गाडी कुठे आहे हे संगणकाला नीट कळेना, कॉल साचत गेले, एकाच ठिकाणी दोन-दोन गाड्या पोहोचल्या. दोन दिवसांत मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरला प्रणाली पूर्ण बंद पडली आणि लोक परत कागदावर आले. चौकशी अहवालात त्या पदकपातीचाही उल्लेख आहे. उरलेल्यांवर ताण होता आणि एवढ्या मोठ्या बदलावर लक्ष ठेवायला पुरेसं बळ नव्हतं.

'निम्मी करा' वाचलं की मला हेच आठवतं.

जुना_चालक
कंट्रोलरूम ताई, त्याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगा ना. सर्वांत स्वस्त निविदा कोणी निवडली? अशक्य मुदत कोणी लादली? गाडीवरच्या आणि कंट्रोलमधल्या माणसांना विश्वासात न घेता काम रेटलं, प्रशिक्षण अपुरं राहिलं, हेही त्याच चौकशीत निघालं. हे निर्णय गाडी चालवणाऱ्यांचे नव्हते. वर आणखी पन्नास माणसं असती तरी ऐकून घ्यायची तयारी नसेल तर काय उपयोग?

कंट्रोलरूम
मुदतीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण 'ही प्रणाली अजून तयार नाही' असं ठामपणे सांगू शकणारी माणसं मधल्या फळीतच असतात. तीच आधी गेली होती.

वाचक७
मग सेवा एकत्र का करू नयेत? इंग्लंडमध्ये २००६ साली तीसच्या आसपास रुग्णवाहिका संस्था होत्या, त्या एकत्र करून बाराच्या घरात आणल्या. तेवढे मुख्याधिकारी, तेवढे वित्त संचालक आपोआप कमी होतात.

जुना_चालक
वरची खुर्ची कमी होते, कबूल. पण क्षेत्र तिप्पट झालं की प्रत्येक भागात निर्णय घेणारा माणूस लागतो, आणि त्याला 'विभागीय संचालक' असं नाव मिळतं. म्हणून पदं मोजताना पदनाम बघू नका. वरिष्ठ वेतनश्रेणीतली सगळी माणसं मोजा. हंगामी अधिकारी मोजा. सल्लागार संस्थांना दिलेला पैसाही मोजा, कारण तो पगाराच्या रकान्यात येत नाही, 'सेवा' म्हणून दुसरीकडे पडतो. मी चालक संघटनेत असताना हे आकडे मागितले होते. पगाराचा तक्ता मिळाला, सल्लागारांचा नाही.

हिशेबनीस
सल्लागारांच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. पगाराची पदं गोठवली की तेच काम दुप्पट पैशात बाहेरून घेतलं जातं, हे मी स्वतः ताळेबंदात पाहिलंय.

पण मुळात पैसा गळतो कुठे, ते बघा. रुग्णालयात रुग्ण सोपवायला १५ मिनिटं हे मोजमाप इंग्लंडमध्ये धरतात. समजा तुमच्याकडे दिवसाला ६० रुग्ण पोचतात आणि प्रत्येकामागे अर्धा तास जास्त जातो. रोज ३० गाडी-तास गेले. एका गाडीच्या दिवसभराहून जास्त, आणि तेसुद्धा माणसं, इंधन, पगार सगळं भरून. ही गळती गाडीवरचा माणूस थांबवू शकत नाही. त्यासाठी रुग्णालयाच्या प्रमुखाशी बरोबरीनं बोलणारा अधिकारीच लागतो. तो काढलात तर नुकसान तुमचंच.

रात्रपाळी
'निम्मी' हा आकडा मी रागात लिहिला. तो मागे घेते. गाडी-तासांचं गणित मला पटलं, कारण रुग्ण सोपवायला रुग्णालयाबाहेर गाड्यांची रांग लागते, त्या रांगेत मीच उभी असते. स्ट्रेचरवर आजी, आणि वायरलेसवर पुढचा कॉल ऐकू येतोय.

पण मग माझी मागणी वेगळी आहे. दरवर्षी वरिष्ठ पदांची संख्या आणि खर्च, सल्लागार धरून, गाडी-तासांच्या शेजारी छापा. पद का आहे ते एका ओळीत लिहा.

हिशेबनीस
वित्त किंवा खरेदी प्रमुखाचं काम गाडी-तासांत कसं दाखवणार? वेळेवर टायर आले, पगार झाला, हे कुठल्या ओळीत बसेल?

रात्रपाळी
तेच लिहा. टायरअभावी किती गाड्या किती दिवस उभ्या होत्या, हा आकडा मला चालेल. मी सगळ्यांना गाडीवर बसवा म्हणत नाहीये.

कंट्रोलरूम
याला मी सही करीन. तुमच्या रांगेबद्दल एक विचारू? आमच्याकडे गेल्या वर्षी नेमका याचसाठी अधिकारी नेमला, 'हँडओव्हर समन्वय'. पद गरजेचंच होतं, मीच शिफारस केली होती. तुमच्याकडे आहे का असं कोणी?

रात्रपाळी
आहे. वरिष्ठ श्रेणीत. दहा ते सहा, सोमवार ते शुक्रवार. आमच्या रुग्णालयाबाहेर रांग लागते रात्री अकरानंतर आणि रविवारी.