मदत हवी आहे : जपानी मोजणीचे शब्द लक्षात कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी, डिसेंबरात जेएलपीटी एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) द्यायचीये, घरीच अभ्यास चाललाय. वाक्यरचना तशी जमतेय कारण क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु' म्हणजे त्याच क्रमाने 'मी पाणी पिते', आणि ओ, नि, दे हे आपल्या प्रत्ययांसारखे नामाच्या मागेच लागतात. 'नेको गा सुकी देसु' मधला 'गा' पण 'मांजर आवडतं' असं मनात म्हटलं की पटतो.

घोडं अडलंय मोजण्यात! पेन्सिल, छत्री, बाटली असं लांबट काही असलं की इप्पोन, निहोन, साम्बोन, कागद किंवा शर्ट असेल तर इचिमाइ, निमाइ, मांजर असेल तर इप्पिकी, निहिकी, साम्बिकी, आणि माणसं हितोरी, फुतारी, मग एकदम सान्निन. आपल्याकडे दोघं, तिघं, चौघं आहे म्हणून माणसांचं समजलं, पण बाकीचं बोलताना ऐनवेळी आठवतच नाही. होन, हिकी मधल्या 'ह'चा १, ६, ८, १० ला 'प' आणि ३ ला 'ब' होतो एवढं मला सापडलंय.

ज्यांनी एन५ दिलीये त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही तक्ते पाठ केलेत की घरातल्या वस्तू मोजत शिकलात? आणि सुरुवातीला फक्त हितोत्सु, फुतात्सु (वस्तूंसाठीचे सर्वसाधारण एक, दोन) वापरून भागतं का?