पुनर्विकासात जुनी चिंच वाचवायची आहे, करारनाम्यात काय लिहून घ्यावं?

नमस्कार. आमची सहकारनगरमधली सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. दक्षिणेच्या भिंतीलगत जुनी चिंच आहे, छातीच्या उंचीला खोडाचा घेर 190 सेंटिमीटर. मंजुरीच्या नकाशात ती राखायची म्हणून दाखवलेली आहे, म्हणजे तोडण्याचा प्रश्न नाही. काळजी आहे ती बांधकाम चालू असतानाची.

पलीकडच्या गल्लीतल्या कडुनिंबाची एक फांदीही कोणी तोडली नव्हती. पण बुंध्याशी खडी-वाळूचे ढीग, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांची ये-जा, वर राडारोड्याची भर. माती इतकी दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळेना. लोक नव्या घरांत राहायला आले आणि त्यानंतर शेंडा वाळायला लागला. तोवर बिल्डर मोकळा झाला होता.

आमचा बिल्डर म्हणतो, पत्रे मारून मीटरभर जागा सोडू. ती पुरणार नाही. अन्नपाणी शोषणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बीएस 5837 या ब्रिटिश मानकाप्रमाणे खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येची जागा राखावी लागते. आमच्या चिंचेचा व्यास साधारण 60 सेंटिमीटर, म्हणजे सव्वासात मीटर. आणि तळघराच्या खोदाईची रेघ बुंध्यापासून चार मीटरवर आखली आहे! माझ्या मते सगळा प्रश्न या रेघेचा आहे, बाकीचं नंतर.

कोणाच्या सोसायटीत झाडासाठी तळघराची हद्द मागे सरकवली गेली आहे का? आर्किटेक्टला कसं पटवलं? ते अगदीच जमलं नाही तर तेवढ्या भागात जेसीबी न लावता हाताने खणायचं, 25 मिलिमीटरपेक्षा जाड मूळ तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय कापायचं नाही, उघडी पडलेली मुळं ओल्या गोणपाटाने झाकायची, सिमेंटचं पाणी तिकडे सोडायचं नाही आणि मातीची पातळी वर-खाली करायची नाही, एवढं मी मसुद्यात घातलं आहे. काही सुटलंय का?

दुसरं कायद्याबद्दल. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचं स्थान आहे. आमची चिंच त्यात नक्की बसेल, सोसायटीतले आजोबा-आजी तिच्याखाली खेळलेले आहेत. फक्त मुळं तोडल्याबद्दल महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे कोणी तक्रार केली आहे का? पंचनामा झाला का, आणि पुरावा म्हणून काय मागितलं?

झाडाला झालेली इजा उशिरा दिसते, म्हणून ताबा मिळाल्यावरही तीन वर्षं अनामत रक्कम अडकवून ठेवावी असं मला वाटतं. बिल्डर याला तयार होतात का?

येत्या रविवारी सर्वसाधारण सभेत मसुदा मांडायचा आहे. कोणाच्या करारनाम्यात असं कलम असेल तर त्याचा मजकूर कृपया इथे द्या. पुण्यात उभ्या झाडाची तपासणी करून लेखी अहवाल देणारे वनस्पतितज्ज्ञ माहीत असतील तर तेही व्यक्तिगत निरोपातून कळवा.