शिरोलीचा माल न्हावा शेव्याला: रेल्वेनं जमेल का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. निर्यातीचं कास्टिंग (ओतीव सुटे भाग) ट्रेलरनं न्हावा शेवा बंदराला जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. सील मारलेला कंटेनर दारातच उभा, तिकडं जहाज सुटलं. रेल्वेनं कुणी माल पाठवलाय का?

» दादा, १८९१ ची आपली लाईन मिरजेहून येते आणि कोल्हापुरातच संपते. थेट कोकणात उतरायला कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गच पाहिजे, तो अजून झालेला नाही. किती वर्षं मागायचा? तोवर रस्त्यानंच, आंबा घाट नाहीतर गगनबावडा घाट.

» आम्ही गूळवाले. जुलै लागायच्या आधीच माल पुण्याकडं गोदामात हलवतो. भाडं पडतं, पण ऑर्डर वाचते.

» कास्टिंगला गंज धरतो हो. तेल लावून, व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशवीत बांधूनच ठेवा.